सेमारंगची सवाष्ण

सप्टेंबरात जपानात लागून सुट्ट्या येतात. मुलानं त्या बघूनच सेमारंगची तिकिटं काढली. पितृपंधरवडा आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही, सुनेच्याही नाही. तिथल्या आमच्या निशी-कसाईच्या घरात मराठी कॅलेंडर भिंतीवर आहे, पण ते बघणारा मी एकटा. बघितलं तर अविधवा नवमी बरोबर सहलीच्या मधल्या दिवशी.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची ती तिथी. त्या दिवशी बाहेरच्या एका सवाष्णीला बोलावून जेवू घालायचं, बांगड्या भरायच्या, खण द्यायचा. गेल्या वर्षी हिला जाऊन वर्ष सरलं नव्हतं म्हणून केलं नाही. हे पहिलंच. मी म्हटलं, तुम्ही जा, मी राहतो. आमच्या इमारतीत मराठी बायका हव्या तेवढ्या आहेत, कुणीही येईल. मुलगा म्हणाला, एकट्याला ठेवून जाणार नाही, गॅस आहे, भूकंप आहे. माणसं सोबत असली की भूकंप व्हायचा थांबतो असं मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी सून म्हणाली, तिथं करू. तिनं छोटा राइस कुकर, तांदूळ, साखर, दुधाची पावडर, हिरव्या बांगड्या आणि खण बॅगेत भरला. ती स्वतः सवाष्ण म्हणून बसली असती, पण आमच्यात घरची चालत नाही.

सेमारंग म्हणजे इंडोनेशियातलं जुनं बंदर. डचांनी तिथं पुष्कळ बांधून ठेवलंय. मुलगा म्हणत होता, बाबा, तुमचं मन रमेल. नवमीच्या सकाळी सुनेनं हॉटेलच्या खोलीत खीर केली, स्टीलच्या डब्यात भरली. डबा मी माझ्याच मांडीवर घेतला. दिवसभरासाठी गाडी ठरवली होती, चालवणारा तिथलाच, चाळिशीचा.

आधी एक घुमटाचं चर्च दाखवलं. मग हजार दारांची म्हणून एक इमारत. पूर्वी रेल्वेची कचेरी होती म्हणे. एका दारातून आत जायचं, दुसऱ्यातून बाहेर, दारं सगळी एकसारखी. माझे गुडघे बोलायला लागले. मुलगा फोटो काढत होता, बाबा इकडे बघा, बाबा हसा. माझं लक्ष उन्हाकडे. तिथलं ऊन म्हणजे ओल्या फडक्यानं तोंड दाबल्यासारखं. त्यात खीर किती वेळ टिकणार? आंबली की झालं. आणि गावात आम्ही ओळखत होतो कुणाला? एका ड्रायव्हरला.

गाडीत बसल्यावर मुलगा म्हणाला, आता चिनी लोकांचं मोठं लाल देऊळ बघू.

मी म्हटलं, "देऊळ राहू दे. याला विचार, बायको आहे का."

"बाबा, असं कुणाला विचारतात का?"

"मग कसं विचारतात ते तू ठरव."

त्यानं लाजत लाजत इंग्रजीत विचारलं. ड्रायव्हर हसला. आहे म्हणाला, बंदराजवळ तिची खाणावळ आहे. मग सुनेनं त्याला सगळं समजावलं, माझी सासू, आजचा दिवस, खीर. तो हसायचा थांबला. आरशात त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, फोन लावला आणि गाडी वळवली.

बंदराच्या त्या गल्लीत भरतीचं पाणी रस्त्यावर येतं. लोकांना त्याचं काही नाही, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून चालतात. खाणावळीत विटांवर बाकं मांडली होती. बाई ठेंगणी, डोक्याला रुमाल बांधलेला, हाताला तळणाचा वास. मुसलमान होती. मुलानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सवाष्ण ती सवाष्ण. बांगड्या लहान पडत होत्या, सुनेनं तिचा पंजा दाबून दाबून चढवल्या. दोघी हसत होत्या. खण तिनं घेतला. कुंकवाला मात्र छातीशी हात नेऊन नको म्हणाली. राहू दे म्हटलं. नवरा समोर धडधाकट उभा आहे, आणखी काय पाहिजे.

घोडं अडलं ते जेवणात. सुनेनं तिच्यासाठी पान मांडलं, खीर वाढली. बाई बसेना. उलट तिनंच भात, टोफू, शेंगांची भाजी वाढून ताट माझ्यापुढे आणून ठेवलं. ड्रायव्हरनं मुलाला सांगितलं, मुलानं मला. म्हातारा माणूस दारात उपाशी बसलाय आणि मी जेवू? ते व्हायचं नाही.

मी म्हटलं, "तिला सांग, ती जेवल्याशिवाय मी पाणीसुद्धा पिणार नाही."

सांगितलं. ती मान हलवत तिथंच उभी, हातात डाव. मी स्टुलावर. ड्रायव्हरनं डोक्याला हात लावला. सून हळूच म्हणाली, "बाबा, आईंना चालेल."

"तुला काय माहीत?"

म्हटलं खरं. पण ती बाई हटेना, आणि तिच्याकडे बघता बघता मला ही आठवली. आमची आयुष्यभर माझ्याआधी जेवली नाही. मी एसटीच्या गॅरेजातून रात्रपाळी करून सकाळी आलो तरी तिचं ताट माझ्या ताटाशेजारी झाकलेलं. दुसऱ्यांकडे सवाष्ण म्हणून जायची तेव्हासुद्धा आधी मला वाढून मग पातळ बदलायची. किती वेळा सांगितलं, जेवून घेत जा. ऐकलं असेल तर शपथ. आता सवाष्णीनं आधी जेवायचं हे खरं, की आधी मला वाढायची हिची रीत खरी, ते मला ठरवता येईना. कंबर भरून आली होती. भांडायला जीव नव्हता.

"जेवतो म्हणावं," मी मुलाला म्हटलं. "खीर मलाही वाढ म्हणावं."

मी पहिला घास घेतला तशी ती समोर बसली. खीर काही बरी झाली नव्हती. दूध पावडरीचं, साखर कमी. पण आंबली नव्हती. बाईनं हातानंच ओरपली, बांगड्या वाजत होत्या. मग ती नवऱ्याला काहीतरी म्हणाली.

मुलगा म्हणाला, "अजून आहे का विचारतेय."

सुनेनं डबा तिच्या पानात उपडा केला. भरतीचं पाणी उंबऱ्यावरून आत आलं, बाकाखालच्या विटांना लागलं. ती पाय वर घेऊन जेवत राहिली. मीही पाय वर घेतले.