डाव्या हाताचं दार

लिबोरिओला मूर्ख म्हणायचं असेल, तर आधी माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर व्हा आणि मग म्हणा. माझ्या चुलीपुढे बसून, माझ्याच हातचं कालवण ओरपत कुणी तसलं बोललं की माझं डोकंच फिरतं. परवा मेंढ्या कातरायला आलेल्या टोळीतला एकजण बरळला, तर त्याला मी भरल्या ताटावरून उठवला. मालकीणबाई म्हणाल्या, "झुल्मा, जरा दमानं घे." मी म्हटलं, "बाई, दम संपलाय माझा."

या कुरणांवर मी स्वयंपाकीण म्हणून आले तेव्हा लिबोरिओ इथे होताच. त्याचं आयुष्य गुरांमागे गेलं म्हणतात, ते खोटं. त्याचं आयुष्य गुरांच्या पुढे गेलं. त्याचा बाप कळप घेऊन पायी कत्तलखान्यापर्यंत जायचा. तेव्हा आमच्या भागात ट्रक कुणाकडे होते! कळपाच्या पुढे एक शिकवलेला बैल. तो चालला की सगळे चालले, तो नदीत उतरला की सगळे उतरले. कत्तलखान्याच्या आवारात कळप पोचवायचा, बैलाला हाक मारायची, तो मागे वळायचा, आणि त्याला घेऊन बापलेक घरी. लिबोरिओ हेच बघत मोठा झाला, आणि पुढे हेच त्याने केलं. बैल जातो, बैल परत येतो. सूर्य उगवतो नि मावळतो, तसं.

मग ट्रक आले आणि त्याचं काम गेलं. नवी माणसं कुत्री भुंकवत, शिव्या घालत, विजेच्या काठीने चटके देत गोऱ्हे ट्रकमध्ये कोंबायची. लिबोरिओ कुंपणाची तार ओढत बसायचा. बायको एल्विरा गेल्यावर तर तो आणखीच गप्प झाला. बोलायचा तो एका बारोसोशी.

बारोसो म्हणजे त्याचा बैल. चिखलाच्या रंगाचा, म्हणून बारोसो. त्याची आई विताना मेली. लिबोरिओने ते ओलं वासरू कोटात गुंडाळून आणलं आणि सरळ माझ्या चुलीशेजारी ठेवलं.

"हे काय?" मी ओरडले. "हे स्वयंपाकघर आहे की गोठा?"

"थंडीने मरेल गं."

"मरू दे की! इथे काय मांस कमी खातात?"

असं म्हणाले खरी, पण बाटलीने दूध मीच पाजलं त्याला. चांगला दांडगा झाला तरी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत तोंड घालायचा आणि मी त्याच्या नाकावर उलथनं आपटायचे. नाक मागे घेईल तर शपथ.

त्या बैलाला लिबोरिओने बापाची विद्या शिकवली. कशासाठी, ते देवाला ठाऊक. काम तर नव्हतंच. मी त्याला म्हणायचे, "नवरी नाही आणि तू मुंडावळ्या ओवत बसलायस." तो नुसता हसायचा आणि माते नावाच्या आमच्या कडू पाल्याच्या चहाचा घोट घ्यायचा.

आणि मग मागेला आली. गुरांची डॉक्टर. नवी, हसरी, पण कामाला खमकी. आमचं मांस घेणाऱ्या कंपनीने समुद्रापारच्या गिऱ्हाइकांना वचन दिलं होतं: गवताळ माळ नांगरायचा नाही, ओढ्याकाठची झाडं तोडायची नाहीत, उन्हात जनावराला सावली हवी, आणि मारहाण, कुत्री, विजेची काठी, आरडाओरडा सगळं बंद. आमची माणसं खो खो हसली. "गोऱ्ह्यांना काय आता गालिचा अंथरायचा?" मागेला रागावली नाही. तिने गुरं चढवायच्या बोळात उतरून काठी स्वतःच्या दंडाला लावून घेतली, किंचाळली, आणि डोळे पुसत म्हणाली, "आता तुमच्यापैकी कोण येतंय?" कुणी आलं नाही. काठ्या त्याच दिवशी अडगळीत गेल्या.

पण काठीशिवाय गोऱ्हे ट्रकमध्ये चढेनात. तेव्हा लिबोरिओ टोपी हातात घेऊन पुढे झाला. "पोरी, माझा बैल बघतेस का?"

ट्रककडे जाणारा आमचा लाकडी बोळ आहे ना, त्याच्या शेवटी डाव्या हाताला एक छोटं दार आहे. बारोसो पुढे निघाला, गोऱ्हे त्याच्या मागे. ट्रकच्या फळीशी पोचल्यावर तो डावीकडे वळून त्या दारातून बाहेर आला, आणि मागचे आपल्याच लोंढ्यात सरळ ट्रकमध्ये गेले. ना आवाज, ना धक्का. दाराबाहेर लिबोरिओ वाळका पाव घेऊन उभा. बारोसोने पाव खाल्ला आणि तो चरायला गेला. मागेलाने म्हाताऱ्याला मिठीच मारली. तो लाजून चुलीइतका लाल झाला.

त्यानंतरचा लिबोरिओ बघायला हवा होता तुम्ही. दाढी रोजच्या रोज. गळ्यात स्वच्छ रुमाल. दूरदूरचे लोक त्याचा बैल बघायला यायचे, आणि तो पाहुण्यांना सांगायचा, "मी काही नाही केलं, हाच शहाणा आहे." म्हातारपणी माणसाला पुन्हा कामाचं व्हायला मिळालं, याच्यासारखं दुसरं सुख नाही.

एकदा जेवताना मागेला खंतावून बोलली. "आपल्याकडे चढवताना सगळं छान होतं. पण तिकडे कत्तलखान्यात उतरताना गोऱ्हे बिथरतात. नवी जागा, नवा वास. एकमेकांना तुडवतात, अंगावर काळेनिळे डाग पडतात. तेवढंच एक राहिलंय माझं."

लिबोरिओ पावाचा तुकडा रश्शात बुडवून तसाच धरून बसला. मी त्याला ओळखते. त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

पुढचा ट्रक भरायच्या दिवशी मागेला बैठकीसाठी राजधानीत, मोन्तेविदेओला गेली होती. मला लेकीकडे ताकुआरेम्बोला जायचं होतं, कत्तलखानाही तिथेच, म्हणून मी ट्रकमध्ये पुढे बसायला आले. बघते तर डाव्या हाताचं दार बंद, आतून कडी लावलेली. बारोसो त्या बंद दारापुढे येऊन थांबला. दाराकडे बघितलं, मग लिबोरिओकडे.

"चल रे, आज पुढे," लिबोरिओ म्हणाला. "आज तिकडेही तूच उतरव त्यांना."

आणि बैल फळीवरून वर चढला.

"हे काय रे म्हाताऱ्या?" मी विचारलं.

"संध्याकाळी याच ट्रकने परत आणतो. मागेलाला सांगू नकोस. येऊ दे तिला परत, एकदम थक्क होईल."

ड्रायव्हर वॉशिंग्टन गुरांच्या कानातले पिवळे बिल्ले यंत्राने वाचत होता. तो नेहमी गुरांच्या बाजारात माल नेणारा. बाजारातून न विकलेलं जनावर परत येतंच, त्यामुळे त्यालाही काही वावगं वाटलं नाही. "याचा पण वाचू का, काका?"

"वाच की. नाहीतर रस्त्यात अडवतील." बसचं तिकीट काढतात ना, लिबोरिओला वाटलं हे तसंच. जातायेताचं.

वाटेत तो गुणगुणत होता. मी टोमणा मारला, "लग्नाला निघाल्यासारखा दिसतोयस." म्हणाला, "बैल माझा वऱ्हाडी."

कत्तलखान्यात प्राण्यांची काळजी बघायला नेमलेला फाब्रिसिओ नावाचा पोरगेलासा अधिकारी आला. अदबीने बोलणारा. ट्रक उघडला. बारोसो पहिला उतरला, डुलत डुलत, जणू माझ्या खिडकीकडेच निघालाय. मागोमाग सगळे गोऱ्हे. कुणाचा पाय घसरला नाही, कुणी हंबरलं नाही. फाब्रिसिओ बघतच राहिला. "काका, असं उतरवणं मी जन्मात बघितलं नाही!"

लिबोरिओची छाती फुगली. त्याने खिशातून पाव काढला आणि कठड्यावरून हाक मारली, "बारोसो! चल, घरी."

बैल वळला. आणि फाब्रिसिओचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका... घरी म्हणजे?"

"म्हणजे घरी. तो काही कापायचा नाही. तो माझ्याबरोबर आलाय."

"काका, या फाटकातून आत आलेलं जनावर जिवंत बाहेर जात नाही. कुठलंच नाही."

मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. खरंच वाटलं. मी हसलेसुद्धा. मग त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि माझं तोंड सुटलं.

मी काय काय बोलले ते सांगत नाही, चर्चमध्ये कबुली द्यावी लागेल. मालकीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, त्याच्या बदल्यात हवे तेवढे गोऱ्हे घ्या. सरकारी तपासनीस बाई आल्या, त्यांनी मान हलवली. मागेलाला फोन लावला. तिला आधी कळेचना. "कुठे आहे बारोसो? कुठे?" मग कळलं. मग फोनमधून नुसता तिच्या रडण्याचा आवाज. "झुल्माताई, मला विचारलं का नाही त्यांनी? एका शब्दाने विचारलं का नाही?"

तपासनीस बाई वाईट नव्हत्या. तोच तर संताप. वाईट असत्या तर मी त्यांच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, इथे सगळ्या गावांची गुरं येतात. इथून एक जनावर रोग घेऊन बाहेर पडलं तर काय होतं, तुम्हाला आठवतं ना?"

लिबोरिओला आठवत होतं. आर्तिगासकडे लाळ-खुरकत आली, गुरांना गोळ्या घालून खड्ड्यांत लोटलं, त्या खड्ड्यांवर माती ओढायला तो गेला होता. आल्यावर कित्येक दिवस त्याने माझ्या हातचं जेवण तोंडात घातलं नव्हतं. बाईंचं ऐकून त्याने मान खाली घातली. भांडायचा, ओरडायचा, तर बरं झालं असतं. नियम चुकीचा आहे असंही त्याला म्हणता येईना.

"माझ्या बापाच्या वेळी परत यायचे," एवढंच तो म्हणाला. "फाटकातून परत यायचे."

त्यांचे ते पांढरे बूट पायांत घालायला देऊन फाब्रिसिओने त्याला आत सोडलं. तो बारोसोपाशी उभा राहिला, त्याचा कान खाजवला. पाव मात्र दिला नाही. मी कठड्याबाहेरून ओरडले, "अरे, दे ना त्याला!" तो म्हणाला, "पाव काम झाल्यावर असतो, झुल्मा. आत्ता दिला तर त्याला वाटेल, संपलं." आणि फाब्रिसिओचा हात धरून त्याने एकच मागणं मागितलं. "याला सगळ्यात शेवटी ठेव. आपण गोऱ्ह्यांना कुठे नेलं, हे त्याला दिसायला नको."

"शब्द देतो, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फाटकाबाहेर उभे होतो. लेकीने चहासाठी गरम पाण्याचा थर्मास दिला होता, तो तसाच माझ्या काखेत राहिला. लिबोरिओच्या खिशात कालचाच पाव. आतून आवाज येत नव्हता. आरडाओरडा नाही, हंबरणं नाही. त्या शांततेनं माझ्या अंगावर काटा येत होता. त्याच शांततेसाठी तर आम्ही एवढं सगळं केलं होतं.

फाब्रिसिओ बाहेर आला. टोपी हातात. त्याला लिबोरिओकडे बघवेना.

"झालं?" लिबोरिओने विचारलं.

"झालं, काका. मी त्याला शेवटी ठेवला होता, देवाशपथ. पण गोऱ्हे बोळात अडले, पुढे सरकेनात. आम्ही हात लावत नाही, वाट बघतो. तर तोच बाजूने वाट काढत पुढे आला. आणि सगळे त्याच्या मागे निघाले. कुणालाही काठी लागली नाही. आमच्या तपासणीत तुमच्या कळपाला आज पैकीच्या पैकी गुण मिळालेत." बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो रडायलाच लागला.

लिबोरिओने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुठे थांबला का तो?"

फाब्रिसिओने दचकून वर बघितलं. "तुम्हाला कसं कळलं? बोळाच्या शेवटी थांबला. डावीकडे वळला. तिथे काही नाही, काका, नुसती भिंत आहे. भिंतीला नाक लावून उभा राहिला बराच वेळ. आम्हाला कळेना काय हवंय त्याला. मग आपणहून पुढे गेला."

लिबोरिओने खिशातला पाव काढला, हातात उलटासुलटा केला आणि परत खिशात ठेवला.

"तिथे दार असतं," तो म्हणाला. "मीच सांगितलं होतं त्याला."