चंद्रप्पा थुंकी देईना

किल्लारीच्या नागुबाईची मसाला कांडायची गिरणी आहे. भूकंपात तिची तान्ही बहीण गेली, पण प्रेत मिळालं नाही. म्हणून याना नावाची बाई परदेशातून आपली माणसं शोधत गावात आली, तेव्हा नागुबाईनं गिरणी बंद करून तिला घरी आणलं.

याना भूकंपातलीच. ढिगाऱ्यातून निघालेलं लेकरू अनाथाश्रमात गेलं, तिथून एका झेक जोडप्यानं दत्तक घेतलं. गावाचं नाव तेवढं तिला ठाऊक. तिच्या सासरी सगळ्यांनी हौसेनं डीएनए तपासून पूर्वज शोधले.

"नवरा स्वतःला अस्सल झेक समजायचा. त्याच्यात जर्मन निघाले, बाल्कनकडचे निघाले. माझ्यात मात्र सगळा हिंदुस्थानच," याना इंग्रजीत म्हणाली. नागुबाईची सून दामिनी मराठीत सांगत होती.

डीएनए जुळतो का बघायला नागुबाईनं नळीत थुंकी दिली. याना ती सोबत घेऊन गेली, आणखी कुणी नातेवाईक निघाला तर असू दे म्हणून एक रिकामी नळी ठेवून गेली.

दोन महिन्यांनी यानाचा फोन आला. सख्ख्या बहिणी नव्हत्या, पण चुलत बहिणीएवढं नातं जुळत होतं.

नागुबाई म्हणाली, "मग ही चंद्रप्पाची बहीण असंल."

चंद्रप्पा तिच्या एकुलत्या एका चुलत्याचा मुलगा, आता रेणापूरला राहणारा. त्याचीही धाकटी बहीण भूकंपाच्याच रात्री गेली होती. तीही सापडली नव्हती.

ती नळी घेऊन नागुबाई एसटीनं रेणापूरला गेली. चंद्रप्पानं सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, उद्या ती जमिनीत हिस्सा मागंल."

"तिला काय करायचीय तुझी जमीन? तिचं घरदार तिकडं हाय."

"आज न्हाई मागणार. तिची पोरं मागतील."

"अरे, तुझी बहीण जिती हाय! माझी असती तर म्या पायी गेले असते."

"आमच्या बहिणीची माती झालीय. तू जा आता."

नागुबाई आणखी दोनदा गेली. तिसऱ्या खेपेला त्यानं दारच उघडलं नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

याना फोनवर विचारायची आणि नागुबाई कधी तो गावाला गेलाय म्हणायची, कधी आजारी. शेवटी वैतागून तिनं दामिनीला सांगितलं, "खरं काय ते सांगून टाक तिला. म्या थकले खोटं बोलून बोलून."

दामिनीनं सांगून टाकलं. तेव्हा यानानं चंद्रप्पाचा फोटो मागितला. दामिनीनं त्याच्या लग्नातला एक पाठवला.

"असाच दिसतो का अजून?" यानानं विचारलं.

"हाव. केस तेवढे गेले," नागुबाई म्हणाली, आणि तिनं फोन सुनेच्या हातात दिला.