कुणाला न सापडणारी जागा

सराफाच्या पेढीवरच्या राखणदाराला सगळे सुभेदार म्हणत. सैन्यात ते कधीच नव्हते. पण खांद्याला स्वतःच्या परवान्याची दुनळी बंदूक आणि चालण्यात ऐट, एवढं लोकांना पुरलं. रोज काम संपलं की ती बंदूक त्यांच्याबरोबर घरी येई.

घरात मात्र त्यांची ख्याती निराळी होती. वस्तू लपवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कात्री, नेलकटर, टीव्हीचा रिमोट, बायकोचा चष्मा, जे दिसेल ते ते ‘नीट ठेवून’ देत, आणि मग ते त्यांचं त्यांनाही सापडत नसे. “आपल्याकडे काही हरवत नाही,” बायको म्हणे, “नीट ठेवलेलं असतं. नवा चष्मा करायला टाका.”

बंदूक म्हणजे या कर्तबगारीचा कळस. माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे, चादरीत गुंडाळलेली. काडतुसंही त्याच चादरीत, कारण चोर आल्यावर शोधत कोण बसणार?

सुट्टी लागली तशी लेक नातीला सोडायला आली, आणि चपला काढता काढताच वाद पेटला.

“बाबा, बंदूक कुलपात नसेल तर चिमी इथे राहणार नाही. संध्याकाळच्या गाडीने परत नेते तिला.”

“अगं, पोलिसांनासुद्धा सापडायची नाही ती!”

“मला पोलिसांची नाही, चिमीची काळजी आहे.”

सुभेदारांचा चेहरा पडला. वर्षभर ते या सुट्टीकडे डोळे लावून बसले होते. शेवटी त्यांनीच पैज मांडली. चिमी आंघोळीला गेल्यावर बंदूक आणि काडतुसं पेढीच्या तिजोरीत नेऊन ठेवायची आणि माळ्यावरच्या त्या जागी चॉकलेटचा डबा. चिमीला तो सापडला, तर सुभेदार हरले. नाही सापडला, तर लेकीने पुन्हा बंदुकीचं नाव काढायचं नाही.

बंदूक पेढीत पोचली आणि चिमी डबा शोधायला कंबर कसून कामाला लागली. तांदळाच्या डब्यातून चष्मा निघाला, उशीच्या अभ्र्यातून रिमोट, देवघराच्या मागून तीन नेलकटर. आजी तर हरखूनच गेली. “शोध गं बाई, अजून शोध,” म्हणत ती एकेक वस्तू पदराने पुसत होती. माळ्याच्या शिडीजवळून चिमी कितीदा गेली, पण तिने वर मान म्हणून केली नाही. सुभेदार वर्तमानपत्राआड गालातल्या गालात हसत होते.

संध्याकाळी चिमीने हात टेकले. सुभेदारांनी लेकीकडे विजयी नजर टाकली, शिडी चढले आणि डबा खाली आणला.

चिमीने गाल फुगवले. “आजोबा, ही चीटिंग आहे!”

“चीटिंग कसली?”

“तिथे तर तुमची बंदूक असते. म्हणून मी तिथे बघितलंच नाही.”

लेकीने चहाचा कप खाली ठेवला. सुभेदारांनी जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, “तुला कुणी सांगितलं?”

“मागच्या सुट्टीत मला आणि शेजारच्या बबड्याला सापडली. आम्ही चोर-पोलीस खेळणार होतो. पण किती जड! उचलवलीच नाही.” चिमीने डबा उघडून एक चॉकलेट तोंडात टाकलं. “आता मी मोठी झालेय. आता येईल उचलता.”

सुभेदार शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या चोराने त्यांना घाबरवलं नव्हतं. ते काम आज नातीने एका वाक्यात केलं.  

“लोखंडी कपाट भिंतीत पक्कं बसेपर्यंत बंदूक पेढीतून घरी येणार नाही,” ते कसंबसं म्हणाले. “रिकामीच ठेवीन, कुलपात. काडतुसांना वेगळं कुलूप. किल्ल्या माझ्या करगोट्याला.”

मग त्यांनी चिमीला जवळ ओढलं आणि तिची दोन्ही मनगटं आपल्या हातांत धरली. खरंच, पोरीच्या हातांत वर्षभरात चांगलीच ताकद आली होती.

“आजोबा, सोडा ना,” ती म्हणाली, “मला दुसरं घ्यायचंय.”

त्यांना सोडवेना.