चेंडूला नमस्कार

२०२१ च्या लॉकडाउनमध्ये विमानं बंद झाली आणि आई आमच्याकडे आयर्लंडमधल्या डंडॉकला अडकली. रोज सकाळी मी तिला पार्कात न्यायचो, तेव्हा एक माणूस तिथे असायचाच. उंचापुरा, टक्कल पडलेला, उजव्या पायाने किंचित लंगडणारा. लॅटव्हियात फुटबॉल खेळायचा, स्ट्रायकर होता, आता इथे गोदामात कामाला होता. नाव मी कधी विचारलं नाही. आई त्याला ‘गोलवाला’ म्हणायची.

मैदानाला कुलूप होतं म्हणून तो दोन झाडांमध्ये गोल मारायचा. मारण्याआधी मान वळवून मागे बघायचा. मागे कुणीच नसायचं.

“सवय,” तो हसून म्हणायचा. “मागून कुणीतरी नेहमी पाय घालायचं.”

एकदा चेंडू घरंगळत आमच्या बाकाकडे आला. आईने तो पायाने अडवला आणि लगेच वाकून, चेंडूला हात लावून नमस्कार केला.

“आई, चेंडू आहे तो!” मी ओशाळलो.

“असू दे. त्याचं पोट भरलंय ना यावर? माझा पाय लागला.”

ती काय करतेय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. एरवी इथल्या लोकांसारखं कशालाही ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे ‘छान, छान’, म्हणून मोकळा होणारा तो गडी लंगडत पुढे आला. चेंडू उचलून त्याने जर्किनच्या बाहीने पुसला.

“आयुष्यभर लाथा मारल्या मी याला,” तो म्हणाला. “हे मला कुणी सांगितलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही लांबूनच पाहिलं. दुखऱ्या गुडघ्यासकट तो वाकला, चेंडूला हात लावून कपाळाला लावला, आणि मग अशी सणसणीत लाथ घातली की चेंडू कुंपणापलीकडे गेला.

आई समाधानाने म्हणाली, “बघ, आता विचारून मारतोय.”