शेवंतामावशींच्या कुंडीतली माती

मंडळी, आपला ग्रुप बागेचा आहे, पण आज प्रश्न वेगळा आहे.

सकाळी आमच्या शेजारच्या शेवंतामावशींच्या कुंडीत शेपटीला चिमटा असलेले किडे दिसले. मी फोटो काढून शोधलं. किडे आपल्याकडचे नव्हते, नर्सरीच्या रोपाबरोबर आले असावेत. म्हटलं, "मावशी, पसरायच्या आत ही माती टाकून द्या."

"अगं, आमच्या वावराची हाय ती. हितं बिल्डिंग व्हायच्या आधी ह्यांनी भरून ठिवली व्हती."

मावशींचे यजमान गेल्या वर्षी गेले.

मग त्याच म्हणाल्या, "तू शिकलेली. उगं कशाला सांगशील?" आणि स्वतःच्या हातांनी माती पिशवीत भरून त्यांनी घंटागाडीत टाकली.

दुपारी कीटकांचा अभ्यास असलेल्या मैत्रिणीने कळवलं, किडे बाहेरचेच आहेत, पण माती टाकायची गरज नव्हती. कडक उन्हात पसरून वाळवली असती तरी भागलं असतं.

संध्याकाळी मावशींनी विचारलं, "गेली ना गं पीडा?" मी नुसती होकारार्थी मान हलवली.

त्यांना खरं सांगू का? आणि सांगितलं, तर ते त्यांच्यासाठी असेल की माझं मन हलकं व्हावं म्हणून?