घराण्याने दिलेला एकेक तारा

जूनमधला दुसरा शनिवार. रक्कम अठरा हजार. हजर चौघं: माझी बहीण, तिच्यापासून वेगळा राहणारा तिचा नवरा, त्यांची सात वर्षांची मुलगी आणि मी. मूल कुणाकडे राहावं याचा अहवाल मानसतज्ज्ञांनी द्यायचा आणि त्यांची फी दोघांनी निम्मी-निम्मी भरायची, असं कौटुंबिक न्यायालयाने ठरवलं होतं. हा अहवाल आधी एकदा झाला होता. पुन्हा करावा लागला तो माझ्यामुळे.

पहिल्या मानसतज्ज्ञ बाईंनी लिहिलं होतं, मुलीने आईकडे राहावं, मात्र महिन्यातले दोन शनिवार वडिलांकडे मुक्काम करावा. तो मुक्काम तिला मानवतो का, हे तीन महिन्यांनी त्याच भेटून पाहणार होत्या. बहिणीला पटलं होतं. मला नाही. आज दोन रात्री, उद्या चार, असा माझा हिशेब.

मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. सहीशिवाय चहाचं बिलही पास करत नाही. आणि मीच त्या बाईंच्या दवाखान्याला मोबाइलवर पाचपैकी एक तारा देऊन लिहिलं, ‘पैसे देणाऱ्याच्या बाजूने अहवाल.’ पुरावा शून्य. फी दोन्हीकडून सारखीच गेली होती. आमचा वाटा मीच नेऊन दिला होता.

मग घराण्याच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी एकेक तारा द्या. लग्न असो की तंटा, आमच्यात हाक मारली की माणसं कारण न विचारता उभी राहतात. मालेगावसकट सगळीकडून तारे पडले. बाईंना त्यांतल्या कुणीच पाहिलं नव्हतं. नामपूरच्या काकांचा फोन आला.

“पाचच्या पाच दाबून टाकले रे बापू!”

“काका, एकच द्यायचा होता.”

“एकच? तो काय कांद्याचा भाव आहे?”

आम्ही खूप हसलो. बाईंनी खाली एवढंच उत्तर दिलं, ‘आमच्याकडे कोण येतं, हे आम्ही जाहीर सांगत नाही.’ मी ग्रुपवर लिहिलं, ‘बघा, बोलती बंद.’ त्या बोलल्या असत्या तर आमच्याच मुलीचं घर चव्हाट्यावर आलं असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या तारखेला त्यांनी न्यायालयात अर्ज दिला. ‘आईकडच्या नातेवाइकांनी माझ्याविरुद्ध जाहीर लिहिलं आहे, यापुढे माझं मत निःपक्ष राहील अशी खात्री देता येत नाही, मला मोकळं करावं.’ बहिणीने तो अर्ज माझ्यापुढे धरला.

“दादा, हे तू केलंस?”

“हो.”

मी माझा मजकूर काढला, बाकीच्यांनाही काढायला लावला. पण बाईंनी सोडलेलं काम सुटलंच.

म्हणून जूनमध्ये आम्ही नव्या डॉक्टरांच्या दारात बसलो होतो. भाचीने माझी बाही ओढली.

“मामा, त्या बाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्या विसरल्या का?”

“नाही गं.”

“मग परत का सांगायचं? आईबाबांच्या भांडणाचं पण?”

तिचे बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांना म्हणालो, “दाजी, आजचे सगळे पैसे मी भरतो.”

“नको, दादा. मुलगी माझी आहे.” मग हळूच म्हणाले, “परत सांगायचं तिलाच आहे. तेवढं तुम्हाला भरता आलं तर बघा.”

तिला आत बोलावलं. नऊ हजार त्यांनी भरले, बहिणीच्या वाट्याचे नऊ हजार मी, दोन्ही नव्या डॉक्टरांकडे.