कौतुकाचा पाहुणचार

बडनेऱ्याला उतरले तेव्हा छान थंडी होती. रिक्षावाल्याने विचारलं, “मॅडम, नेपाल से आये क्या?”

“पुण्याहून. वलगावला येता का?”

“अरे! तुमी त मराठी बोलून राह्यल्या!”

माझे वडील साताऱ्याचे जाधव, आई शिलाँगची. चेहरा आईचा आणि जीभ वडिलांची, असं आमच्या घरात म्हणतात.

वलगावला माझी मैत्रीण शीतल माहेरी आली होती. तिच्या आईची, म्हणजे काकूंची, झेंडूची शेती. रस्त्यापासून विहिरीपर्यंत नुसतं केशरी. जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी. घाईघाईत फोडताना बोटं भाजली, ती तुपात बुडवून तेही साजरं केलं.

संध्याकाळी अंगणात शेजारणी जमल्या. एकीने माझे केस ओढून पाहिले. दुसरीने विचारलं, “तुमच्याकडे सापबिप खातात म्हने?”

“आमच्याकडे कृष्णाकाठची वांगी खातात,” मी म्हटलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण केस घट्ट बांधून घेतले.

काकूंनी पाठीवर हात ठेवला. “मनावर नोको घेऊ, पोरी. आमच्या इकडे असा भेदभाव नाई. कौतुकानं इचारून राह्यल्या त्या.”

दुसऱ्या दिवशी काकूंच्या भाचीच्या लग्नाचं कापड घ्यायला आम्ही तिघी एसटीने अकोल्याला गेलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, खिडकीतून येणारं ऊन हवंहवंसं. जठारपेठेतल्या एका दुकानात काकूंनी ढीगभर साड्या उलगडायला लावल्या. मी जिकडे जाईन तिकडे एक नोकर मागे. साड्या निवडून आम्ही गल्ल्याकडे निघालो, तेव्हा त्याने माझ्यासमोर हात आडवा केला. “बॅग दाखवा.” फक्त माझी.

मी बॅग उघडली.

“सगळ्यांच्याच बघतात गं,” शीतल पुटपुटली.

काकू मात्र थांबल्या. आपली भलीमोठी पिशवी त्यांनी थेट गल्ल्यावर ठेवली. “माही काहून नाई पाह्यली?”

मालक उठून उभा राहिला. “गैरसमज झाला, ताई.”

“गैरसमज कायचा? तिचं तोंड पाहून बॅग मांगतली तुमी. तसं म्हना न सरळ!”

साड्या तिथेच टाकून आम्ही बाहेर पडलो.

समोर उसाचा रस घेतला. काकूंनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाल्या, “काल आपल्या आंगनात बी तेच झालं, पोरी. मी उगाच त्याले कौतुक म्हटलं.”

मला एकदम रडू आलं आणि लगेच इतकं हलकं वाटलं की मी आणखी एक ग्लास मागवला. मग दुसऱ्या दुकानात आम्ही मनसोक्त खरेदी केली. भाव करायला काकूंनी मलाच पुढे केलं.

पुण्याला परतल्यावर ऑफिसात हे सगळं सांगितलं. सगळे हळहळले. “तिकडे वऱ्हाडात होत असेल गं,” एक जण म्हणाली, “आपल्या पुण्यात असलं काही नाही.”

संक्रांतीला काकूंना पुण्याला बोलावलंय. ती भलीमोठी पिशवी घेऊनच या म्हटलंय.